खांबावरचा पुजारी

कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि त्यावर पिवळं हेल्मेट, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो विजेच्या खांबावर होता आणि खाली त्याची बायको नैवेद्याचं ताट पदराखाली धरून उभी होती.

"निवद थंड व्हायलाय," ती म्हणाली.

"देवाला थंड चालतंय," वरून उत्तर आलं. "गिरणीवर दळणाची रांग लागलीय. त्या बायांच्या घरी लेकरं उपाशी हायत."

बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातल्या त्या गावात मी मराठी शाळेवर शिक्षिका म्हणून रुजू व्हायला निघाले होते. चोवीस वर्षांची होते, पहिलीच नोकरी होती आणि चिंताकीच्या फाट्यापासून बॅग उचलून चालत आले होते. मुख्याध्यापकांनी माझ्यासाठी खोली बघून ठेवली होती, ती नेमकी या खांबावरच्या माणसाच्या घरात. महादेवाच्या देवळाचा पिढीजात गुरव आणि वीज खात्याचा लाईनमन, दोन्ही एकच. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, बायकोला अव्वा. मीही तसंच म्हणू लागले. तीन वर्षं त्या घरात राहिले.

उजाडायच्या आत त्यांची आंघोळ व्हायची. मग बेल, पाणी, रुद्र. सात वाजता सोवळं सुटायचं आणि खाकी शर्ट अंगावर चढायचा. देवाशी ते संस्कृतात बोलत, साहेबाशी कानडीत, सीमेपलीकडच्या भाजीवाल्याशी तेलुगूत आणि तुटलेल्या तारेशी दखनीत. तारेशी बोलताना मी जवळपास नसावं असं अव्वाला वाटायचं.

पूजा चालू असताना कुणी "अप्पा, डीपी गेला, लाईट न्हाई" म्हणत आलं, तर ते हातातलं तांब्याचं भांडं तिथंच ठेवून निघत. एकदा एका म्हाताऱ्याने टोकलं, "अर्धी पूजा टाकून जाऊ न्हाई, पाप लागतंय."

"मला लागू द्या की. तुमची मोटर तरी चालू व्हईल," अप्पा म्हणाले.

त्यांच्या हातची खोबऱ्याची चटणी फार चविष्ट असायची. गावात नारळ महाग, आणि यांच्या घरी अमावास्येनंतर दोन-तीन दिवस सलग चटणी. मी पहिले दोन महिने मिटक्या मारत खाल्ली. मग एका सकाळी शाळेला जाताना पाहिलं, अप्पा चौकात सायकल टेकवून वाकले होते आणि कुणीतरी उतरून टाकलेला नारळ हळदीकुंकू झाडून पिशवीत टाकत होते. दुपारी ताटात चटणी आली. मी हात मागे घेतला.

अप्पांनी पाहिलं. "बाई, दोन महिने खायलाव. काय झालं का तुमाला?"

"नाही."

"मंग आज कामून व्हईल? आज कळलं म्हून?"

मी खाल्ली. पहिला घास पाण्याबरोबर गिळला हेही खरं. बी.एड. केलेली बाई मी, पण एका नारळाने मला माझी जागा दाखवली.

अशा माणसाला लोक नास्तिक म्हणतील असं मला वाटायचं. पण श्रावणात सोमवारी ते पाण्याचा घोटही घेत नसत आणि तसेच खांबावर चढत. आमचे मुख्याध्यापक मात्र खरे नास्तिक. बीदरहून रोज मोटरसायकलने यायचे, डबा खाताना अप्पांना डिवचायचे. "अप्पा, दगडावर पाणी ओतून काय मिळतं तुम्हाला?"

"सर, तुमच्या टेबलावर तुमच्या आईचा फोटू हाय. काल कुणाचा तरी चहा त्याच्यावर सांडला, तवा तुमी शिपायाला लई बोल्लाव. कागुदच हाय की त्यो."

मुख्याध्यापकांनी डब्याचं झाकण लावलं. पण अप्पांना जिंकायचं नव्हतं. तेच पुढे म्हणाले, "आता ह्ये बघा. इज दिसत न्हाई. दिसत न्हाई म्हून ती न्हाईच, असं म्हणणारा मरतो. आन दिसत न्हाई म्हून तिच्या नावानं कायबी सांगत सुटणारा दुसऱ्याला मारतो. मी दोगांनाबी भितो."

दुसऱ्या बाजूचे लोकही त्यांच्याकडे यायचे. गावातला एक पोरगा बंगळुरूला संगणकाच्या कंपनीत होता. दिवाळीला आला की देवळाच्या पायरीवर बसून सांगायचा की आपल्या पूर्वजांकडे सगळं होतं, विमानं होती, वीजसुद्धा होती, पोथ्यांमध्ये सगळं लिहून ठेवलंय. अप्पा शांतपणे ऐकत. एकदा त्यांनी खांद्यावरची झोळी त्याच्यापुढे ठेवली. "तुझं खरं असंल बाबा. तेवढा आपल्या डीपीचा बिघाड त्या पोथीतून काडून दे. चार दिस झाले, मला घावंना."

"तसं नसतं अप्पा. तुम्ही पुजारी असून धर्माची चेष्टा करता?"

"चेष्टा तू करायलास. माझ्या बापानं मला रुद्र शिकवला, त्यात दुसऱ्याच्या कामाची बढाई मारायला न्हाई शिकवलं. ज्यानं इज शोधली त्यानं रातीचा दिस केला. त्याला हात जोड, तुझा देव रागवत न्हाई."

पोरगा उठून गेला. मोबाईलवर गावाच्या ग्रुपमध्ये त्याने काहीबाही लिहिलं. अप्पांकडे साधा फोन होता, त्यांना ते कधी वाचता आलं नाही. मी वाचून दाखवू का विचारलं, तर म्हणाले, "कशाला? त्यो माझ्या तोंडावर बोलला की. तेवढं बास."

माझी स्वतःची गोष्ट सांगायला मला अजून थोडा संकोच वाटतो, पण ती सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. माझी खोली आतल्या बाजूला होती आणि तिकडे जायची वाट देवघरावरून. दर महिन्याला चार दिवस मी काही ना काही सबब काढून शाळेत जास्त वेळ थांबायचे आणि अंधार पडला की भिंतीला चिकटून आत शिरायचे. माझ्या माहेरी कडक पाळत होते, आणि गुरवाच्या घरात तर विचारायलाच नको. श्रावणातल्या एका सकाळी मला बाहेरच्या न्हाणीघरातून परत यायचं होतं आणि देवघरात अभिषेक चालू होता. मी ओट्यावर बसून राहिले. शाळेची घंटा होत आली तरी उठले नाही.

"बाई, भायेर कामून बसलाव?" अप्पांनी आतून विचारलं.

मी अव्वाकडे पाहिलं. अव्वा त्यांच्या कानाशी लागली. अप्पा उठून दारात आले. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतात.

"बाई, एक इचारतो. तुमाला आत यायचं हाय का न्हाई? अव्वाचं सोडा, माझंबी सोडा. तुमचं सांगा."

अव्वा म्हणाली, "अवो, तिच्या आईबापानं काय शिकवलं असंल, तिला तिच्या मनासारकं..."

"म्हून तर तिलाच इचारायलोय."

मी म्हटलं, "यायचंय. पण भीती वाटते."

"कशाची? महादेवाच्या डोस्क्यावर गंगा हाय आन मांडीवर पार्वती. दोन बाया घेऊन बसलाय त्यो. त्यातली कुणी चार दिस भायेर बसल्याचं मी तर कुठं वाचलं न्हाई."

मी उंबरा ओलांडला. त्यांनी माझ्या हातात पाण्याचं भांडं दिलं. देवावर ओतताना अर्धं पाणी मी पाटावर सांडलं. अव्वा स्वयंपाकघरात निघून गेली. तिने स्वतः मात्र बाहेर बसायचा नेम शेवटपर्यंत पाळला होता, आणि अप्पांनी तिला त्यावरून कधी एक शब्द बोलल्याचं मी ऐकलं नाही. पण त्या दिवशी माझ्या डब्यात तिने एक पुरणपोळी जास्त घातली. त्याचा अर्थ मी आजवर तिला विचारला नाही.

आता ज्या प्रकरणामुळे अप्पांच्या हातून देऊळ गेलं, ते सांगते.

आमच्या आठवीत एक मुलगी होती, हुशार, गणितात पहिली. तिचे वडील गावातले मोठे शेतकरी, देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष आणि शाळेच्या समितीवरही तेच. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती वर्गात गप्प राहू लागली. एक दिवस पोरं गेल्यावर माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "बाई, झहीराबादचे लोक मला बघून गेले. चैतात लग्न हाय. मला सांगितलंबी न्हाई, अक्कानं सांगितलं." तिला चौदावं संपायचं होतं. मी तिला धीर दिला, बघते म्हटलं, आणि काहीच बघितलं नाही. तिच्या बापाशी वैर घेऊन त्या गावात नोकरी कशी करणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आठ-दहा दिवसांत मुलीला झटके येऊ लागले. दात आवळायची, घुमायची, कुत्र्यासारखा आवाज काढायची, मग निपचित पडायची. आमच्या भागात अशा वेळी पहिला शब्द तोंडात येतो तो भानामती. बाहेरगावचा एक मांत्रिक आणला गेला. त्याने तांदूळ फेकले, डोळे मिटले आणि गावाच्या कडेला राहणाऱ्या भागाबाईचं नाव घेतलं.

भागाबाई धनगराची विधवा. तिच्या सासऱ्यापर्यंत मेंढरं होती, तिच्याकडे सात शेळ्या उरल्या होत्या. त्याच पावसाळ्यात तिच्या शेळ्या अध्यक्षांच्या तुरीत शिरल्या होत्या, सालगड्याने एका शेळीचा पाय मोडला होता आणि भागाबाई बांधावर उभी राहून "तुमचंबी असंच मोडंल" असं ओरडली होती. तेवढं पुरलं.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास गाव देवळासमोर जमलं. शाळा जवळच होती, गलका ऐकून मी गेले. भागाबाईला ओल्या लुगड्याने उभं केलं होतं. ठरलं असं होतं की तिने महादेवापुढे तळहातावर कापूर जाळून शपथ घ्यायची. भाजलं नाही तर ती खरी. भाजलं तर तिचे दात पाडायचे, म्हणजे मंत्र म्हणता यायचा नाही. हे लोक तिच्यासमोरच बोलत होते, एखाद्या खुंट्याला बांधलेल्या जनावराविषयी बोलावं तसं. गाभाऱ्याची चावी अप्पांकडे. त्यांना कामावरून बोलावून आणलं होतं. हेल्मेट अजून डोक्यावर होतं, कमरेला पट्टा होता.

"दार उघडा अप्पा, आन कापूर द्या," अध्यक्ष म्हणाले.

"कशाला?"

"तुमाला ठावं हाय कशाला. माझी पोरगी मरायलीय."

अप्पांनी दार उघडलं. मला वाटलं, तेही वाकले. ते आत गेले, कापराची मोठी वडी घेऊन बाहेर आले आणि भागाबाईच्या पुढे उभे राहिले, तिच्याकडे पाठ करून.

"ह्या देवळात कुणाची परीक्षा घ्यायची तर आदी पुजाऱ्याची. पंचवीस वर्सं मी ह्या पिंडीला हात लावायलोय. गावात माझ्यापेक्षा चोख कुणी हाय का? असंल तर फुडं या."

कुणी पुढे आलं नाही. त्यांनी वडी डाव्या तळहातावर ठेवली. "उजवा कामाला लागतोय," असं काहीसं पुटपुटले आणि काडी ओढली.

कापूर पेटला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आधी काही दिसलं नाही, मग मानेची शीर वर आली, मग डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हात हलवला नाही. वास आला तसे पुढचे लोक मागे सरले. अव्वा गर्दीतून धावत आली आणि तिने पदराने ती आग विझवली.

अप्पांनी हात वर धरला. तळवा लाल झाला होता आणि मधे पांढरा फोड धरत होता.

"भाजलं," ते म्हणाले. "आता सांगा, मी कुणावर भानामती केली? आगीला खरंखोटं कळत न्हाई. तिला कातडं कळतं. पाडा माझे दात."

मांत्रिक म्हणाला, "ह्यो पुजारी तिला सामील हाय." आणि गर्दीत पुन्हा चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मुलीच्या लग्नाचं काही ठाऊक नव्हतं, मी घरात बोललेच नव्हते. त्यांनी सहज पाहिलं असेल. पण मला तो फोड दिसत होता आणि मी दीड महिना गप्प बसले होते.

मी पुढे झाले. अध्यक्षांना म्हटलं, "मुलीला कुणी काही केलेलं नाही. चैत्रात तिचं लग्न ठरवलंय, तिला न विचारता. तिनं मला सांगितलं होतं. त्याच्यानंतर झटके यायला लागले. तिला शिकायचंय. मी आज तिला बीदरला डॉक्टरकडे नेणार आहे, आणि कुणी अडवलं तर लग्नाचं पोलिसात सांगणार आहे."

अध्यक्ष माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं, नोकरी गेली. पण मागून मुलीची आई बोलली. तिला मी त्याआधी चार शब्दही बोलताना ऐकलं नव्हतं. "बाई म्हणतेत ते खरं हाय. मीबी तवापासून पोटभर न्हाई जेवले."

मांत्रिक दुपारच्या बसने गेला. मुलगी माझ्याबरोबर बीदरला आली. डॉक्टरांनी तिच्याशी बराच वेळ बोलून घेतलं, मला बाहेर बसवलं. नंतर तिच्या मामाने तिला बसवकल्याणला नेलं, तिथल्या शाळेत घातलं. झटके हळूहळू कमी झाले आणि थांबले. लग्न मोडलं. हे सगळं चांगलं झालं. त्याची किंमत अप्पांनी दिली.

आठवड्यात कमिटी बसली. पुजाऱ्याने देवळात भर पूजेच्या दिवशी तमाशा केला, देवाचा कापूर बाटवला, असं ठरलं. हातावर पट्टी बांधलेल्या अप्पांकडून चावी मागून घेतली. बाहेरून नवा पुजारी आणला. गाभाऱ्यात फरशी बसली, लोखंडी जाळी आली, आणि भागाबाईने देवळाची पायरी चढायची नाही असं दवंडीसारखं सांगितलं गेलं. सात पिढ्यांचा हक्क तासाभरात संपला.

मी रडले. अप्पा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, भस्म लावून, तांब्या घेऊन ते निघाले. मी म्हटलं, "अप्पा, चावी नाही ना आपल्याकडे."

"चावी त्यांची झाली. देव कुठं त्यांचा झाला?"

जाळीच्या बाहेर, दर्शनाच्या रांगेत ते उभे राहिले. नव्या पुजाऱ्याची रुद्र म्हणताना एका ओळीत चूक व्हायची. अप्पा बाहेरून मोठ्याने ती ओळ बरोबर म्हणत आणि चालू लागत. रोज. महिन्याभरात पुजाऱ्याची ओळ सुधारली, तेव्हा अप्पांनी त्याला जेवायला बोलावलं.

मग शिवरात्र आली. पहाटेपासून आजूबाजूच्या गावांचे लोक येत होते. नऊच्या सुमारास देवळातली वीज गेली. स्पीकर बंद, पाण्याची मोटर बंद, गाभाऱ्यात काळोख, आणि बाहेर हजारभर माणसं उन्हात. फरशी बसवणाऱ्या ठेकेदाराने शोभेसाठी सगळ्या वायरी फरशीमागून नेल्या होत्या आणि त्यांचा जोड नेमका गाभाऱ्यात, पिंडीच्या वरच्या कोनाड्यात ठेवला होता. शेवटी अध्यक्ष स्वतः आमच्या घरी आले. चावी नेल्यानंतर पहिल्यांदाच.

"अप्पा, जरा येताव का?"

अप्पांनी लगेच झोळी उचलली, शिडी खांद्यावर घेतली. मला क्षणभर राग आला. एवढ्या सहज कसे निघाले? पण ते देवळाकडे वळले नाहीत. गावाच्या कडेला गेले आणि भागाबाईला घेऊन आले. ती घाबरून दहा पावलं मागे चालत होती.

देवळाच्या पायरीशी अध्यक्षांनी वाट अडवली. "ही कशाला?"

"गाभाऱ्यातली फरशी ओली हाय. शिडी धरायला माणूस लागतंय."

"आमी धरतो की. दहा माणसं हायत."

"मी जिच्यावर इसवास ठेवतो तीच धरंल. जीव माझा हाय," अप्पा म्हणाले. त्यांनी शिडी खाली ठेवली आणि पायरीवर बसले. "तुमी ठरवा. मला घाई न्हाई."

रांगेतून लोक ओरडू लागले. कुणाची लेकरं तहानेने रडत होती. अध्यक्षांनी नव्या पुजाऱ्याकडे पाहिलं. त्याने खाली मान घालून जाळीचं कुलूप काढलं.

अप्पा शिडीवर चढले. भागाबाईने दोन्ही हातांनी शिडी धरली होती. पिंडी तिच्या गुडघ्यापाशी होती. थोड्या वेळाने मी जाळीतून पाहिलं, तिचा एक हात शिडीवर होता आणि दुसरा पिंडीवर. ती काही मागत नव्हती, ओठही हलत नव्हते. नुसता हात ठेवून, वाकून उभी होती.

दिवा लागला, मोटर सुरू झाली, बाहेर नळाला पाणी आल्याचा गलका झाला. दहा मिनिटांचंही काम नव्हतं. पण अप्पा वरच होते, कोनाड्यात तोंड घालून. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. रांग तटून राहिली होती.

अध्यक्षांनी जाळीशी येऊन विचारलं, "अप्पा, लाईट तर आली. झालं न्हाई का अजून?"

"माझं कवाच झालंय," अप्पा वरूनच म्हणाले. "तिचं व्हायचंय."